सायरन ऐकू येतो, पण कुठून?

सिग्नलला गाड्या थांबलेल्या असतात. कुठूनतरी ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येतो. रिक्षावाला मागे वळून बघतो, दुचाकीवरची मुलगी आरसा नीट करते, बसचा कंडक्टर खिडकीतून मान बाहेर काढतो. आवाज सगळ्यांना येतोय, वाट द्यायची इच्छाही आहे. पण गाडी मागून येतेय, समोरून येतेय की डावीकडच्या गल्लीतून, हे कुणालाच सांगता येत नाही. दिवे दिसतात तेव्हा कोडं सुटतं, आणि तोवर एखादी गाडी नेमकी ॲम्ब्युलन्सच्या वाटेत आडवी झालेली असते.

एरवी आपला कान इतका गोंधळत नाही. पाठीमागे कुणाच्या हातून चाव्यांचा जुडगा पडला, तर तो कुठे पडला हे न वळताही कळतं. एवढ्याशा किणकिणाटाची जागा कळते आणि शंभर वॉटच्या कर्ण्यातून ओरडणाऱ्या सायरनची कळत नाही, हे कसं?

उत्तर शोधताना सायरनच्या शौकिनांची सोबत घ्यावी असं मला वाटतं. जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांत हा छंद चांगला रुजलेला आहे. ही मंडळी निघालेल्या बंबाचा आवाज टिपून घेतात आणि वेगवेगळ्या शहरांचे, काळांचे, बनावटींचे आवाज शेजारी-शेजारी ठेवून ऐकतात. त्यांतले मुरलेले कान गाडी न बघता सांगतात, की हा फिरत्या चाकाचा भोंगा आहे, हा दाबाच्या हवेचा कर्णा, आणि हा इलेक्ट्रॉनिक. या छंदाचं मोल मोठं आहे. सायरन वेगवेगळे का वाजतात हे समजलं, की ते कुठे कमी पडतात हेही समजू लागतं.

हवा कापणारं चाक

टेबल फॅनसमोर तोंड नेऊन ‘आ’ म्हणण्याचा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलेला आहे. पंख्याची पाती आवाजाचे तुकडे करतात आणि ‘आ’ थरथरत बाहेर पडतो. यांत्रिक सायरनमध्ये असंच घडतं, फक्त तिथे आवाजाऐवजी नुसती हवा कापली जाते. भोकं पाडलेल्या स्थिर डब्याच्या आत भोकं पाडलेलं चाक फिरतं. भोकासमोर भोक आलं की हवेचा झोत सुटतो, चाक पुढे सरकलं की तो अडतो. समजा चाकाला १० भोकं आहेत आणि ते मिनिटाला ३,६०० म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्या घेतं. मग सेकंदाला ६०० झोत सुटतात आणि आपल्याला ६०० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं; ती जितकी जास्त तितका स्वर उंच.

शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने १८१९मध्ये असं उपकरण बनवलं, ते कुणाला सावध करण्यासाठी नव्हे. स्वराची कंपनं मोजण्यासाठी ते होतं. भोकं मोजायची, फेऱ्या मोजायच्या, गुणाकार करायचा, स्वराचा आकडा मिळाला. आजचे शौकीन हाच हिशेब उलटा करतात. ध्वनिमुद्रणातल्या स्वराची उंची मोजतात आणि त्यावरून चाक किती वेगाने फिरत होतं ते काढतात.

या चाकाला वजन असतं. मोटर सुरू केल्याबरोबर ते पूर्ण वेग घेऊ शकत नाही, म्हणून स्वर खालून हळूहळू चढत जातो. वीज तोडली तरी चाक लगेच थांबत नाही, म्हणून तो सावकाश उतरत येतो. सायरन म्हटल्यावर आपण तोंडाने जो चढता-उतरता ‘ऊंऽऽऽ’ काढतो, तो कुणी चाल बांधावी तसा बांधलेला नाही. जड चाकाला वेग घ्यायला आणि सोडायला जो वेळ लागतो, त्यातून तो आला आहे.

अमेरिकेत फेडरल सिग्नल कंपनीचा ‘क्यू-टू-बी’ हा यांत्रिक सायरन आजही नव्या बंबांवर बसवला जातो. दहा फुटांवर त्याचा आवाज १२३ डेसिबल भरतो. सुरू होताना तो जवळजवळ १०० ॲम्पिअर वीज ओढतो, आणि लवकर शांत करायचा असेल तर चाकाला ब्रेक लावावा लागतो. शौकिनांचा तो अत्यंत लाडका आहे. त्याचं कारण त्याच्या मोठ्या आवाजापेक्षा त्याच्या गुरगुरण्यात आहे. हवेचे झोत झटक्याने सुटतात आणि झटक्याने अडतात, त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट उंचीचे उपस्वरही भरपूर निघतात. आवाज भरीव आणि खरबरीत होतो. हे उपस्वर पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहेत.

फ्रान्सची सरगम

युरोपने मुख्यतः दुसरी वाट धरली. दोन ठरावीक स्वर आलटून-पालटून वाजवायचे. जर्मनीत याला बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून मार्टिन्सहॉर्न म्हणतात. दाबाच्या हवेवर वाजणारे धातूचे कर्णे ही त्याची जुनी आणि शौकिनांच्या मते अस्सल जात. तोच सायरन हल्ली इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही वाजतो, पण कर्ण्यांच्या आवाजाला जी धार असते ती स्पीकरच्या आवाजाला येत नाही, यावर तिथल्या शौकिनांचं जवळपास एकमत आहे.

दोन स्वरांमधलं अंतर किती असावं, हे जर्मनीत प्रमाणकानेच ठरवून दिलेलं आहे. वरच्या स्वराची कंपनं खालच्याच्या ४/३ पट हवीत. आपल्या भाषेत सांगायचं, तर खालचा स्वर षड्ज मानला की वरचा शुद्ध मध्यम.

फ्रान्सच्या सायरनचे आकडे याच नजरेने पाहिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. तिथे बहुतेक आपत्कालीन सेवांचा खालचा स्वर एकच, ४३५ हर्ट्झ; पेटीवरच्या पांढरी सहाच्या अगदी जवळ. वरचा स्वर मात्र प्रत्येक सेवेचा वेगळा. भागाकार केला की रिषभ, मध्यम, पंचम, धैवत एकेक करून समोर येतात. हा योगायोग नाही, पाश्चात्त्य संगीतातली ओळखीची अंतरंच तिथे घेतलेली आहेत. ज्याला सरगम कळते त्याला खिडकी न उघडता सांगता येईल, की खालून बंब गेला की पोलीस.

> कोणाची गाडी, कोणते स्वर?
> (जोडीतला खालचा स्वर ‘सा’ धरून)
>
> फ्रान्स, अग्निशमन दल : ४३५ आणि ४८८ हर्ट्झ, सा–रे
> फ्रान्स, पोलीस : ४३५ आणि ५८० हर्ट्झ, सा–म
> फ्रान्स, सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा : ४३५ आणि ६५१ हर्ट्झ, सा–प
> फ्रान्स, जांदार्मरी (लष्करी पोलीस) : ४३५ आणि ७३२ हर्ट्झ, सा–ध
> जपान, ॲम्ब्युलन्स : ९६० आणि ७७० हर्ट्झ, ग–सा
> जर्मनी, सर्व सेवा : सा–म

जपानची ॲम्ब्युलन्स १९७०पासून ‘पी-पो, पी-पो’ वाजते. त्याआधी तिचा सायरन पोलिसांच्या गाडीसारखाच होता. ‘पी’ ९६० हर्ट्झचा, ‘पो’ ७७०चा, म्हणजे गंधारावरून षड्जावर उतरायचं. बंबाची तऱ्हा तिथे अजून निराळी. आगीकडे निघालेला बंब सायरनबरोबर घंटाही वाजवतो, दुसऱ्या कामाला निघाला असेल तर नुसता सायरन, आणि आग विझवून परतताना नुसती घंटा. घरात बसलेल्या माणसाला आवाजावरूनच कळतं, की आपल्या भागात आग लागली आहे की ती विझली.

गाडी जवळ येताना स्वर चढत नाही

सायरन जवळ येताना त्याचा स्वर चढत जातो आणि लांब जाताना उतरत जातो, असं आपण शाळेत डॉप्लर परिणाम शिकताना ऐकलेलं असतं. यातला अर्धा भाग नीट समजून घ्यायला हवा.

गाडी आपल्याकडे येत असली की प्रत्येक ध्वनिलहर आधीच्या लहरीपेक्षा थोड्या जवळून निघते. लहरी दाटीने येतात, म्हणून स्वर मूळ स्वरापेक्षा उंच ऐकू येतो. ताशी ६० किलोमीटरने सरळ आपल्याकडे येणाऱ्या जपानी ॲम्ब्युलन्सचा ९६०चा ‘पी’ सुमारे १,०१० हर्ट्झ ऐकू येईल, आणि दूर जाताना सुमारे ९१५. पण गाडीचा वेग कायम असेल तर ती लांब असतानाही १,०१०च आणि जवळ आल्यावरही १,०१०च. ती आपल्या शेजारून जाताना स्वर घसरतो आणि ९१५वर स्थिरावतो. येताना आवाज वाढत असतो, स्वर नव्हे. या दोन्हींची गल्लत होते, कारण वाढता आवाज आपल्याला चढत्या स्वरासारखा भासतो.

क्रिस्टियन डॉप्लरने हा विचार १८४२मध्ये मांडला. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायस बॅलट या शास्त्रज्ञाने तो पडताळून पाहिला. उत्रेख्तजवळच्या लोहमार्गावर त्याने इंजिनामागच्या डब्यात तुतारीवाले बसवले आणि रुळांलगत तयार कानाचे वादक उभे केले. स्वर किती बदलला हे त्या वादकांनी नुसतं ऐकून सांगितलं.

इथे दोन स्वरांच्या सायरनचा एक सुंदर गुण दिसतो. डॉप्लरमुळे दोन्ही स्वर एकाच पटीत सरकतात. ‘पी’ जितक्या पटीने चढतो तितक्याच पटीने ‘पो’, त्यामुळे त्यांच्यातलं गुणोत्तर तसंच राहतं. गाडी कितीही वेगात असो, गंधार गंधारच राहतो आणि फ्रेंच पोलिसांचा मध्यम मध्यमच. पट्टी बदलली तरी राग बदलत नाही. सायरनची ओळख स्वराच्या उंचीत न ठेवता दोन स्वरांच्या नात्यात ठेवण्याचं शहाणपण यात आहे.

‘वेल’ आणि ‘येल्प’

आपल्या रस्त्यांवर ऐकू येतात ते बहुतेक सायरन तिसऱ्या जातीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक. आतलं सर्किट स्वर तयार करतं आणि गाडीवरचा कर्ण्याच्या आकाराचा स्पीकर तो फेकतो. अमेरिकी पद्धतीच्या अशा यंत्रात दोन आवाज मुख्य असतात. ‘वेल’ म्हणजे लांब चढ-उतार, एका आवर्तनाला काही सेकंद लागतात. ‘येल्प’ म्हणजे तोच चढ-उतार झपाट्याने, सेकंदाला तीन-चार वेळा. सर्किटला जड चाकासारखं वजन नसतं, ते क्षणात कुठलाही स्वर धरू शकतं. तरीही ‘वेल’ सावकाशच चढतो, कारण तो जुन्या चाकाच्या आवाजाची नक्कल आहे आणि लोकांच्या कानाला तोच सायरन म्हणून ठाऊक आहे.

मोकळ्या रस्त्यावर ‘वेल’ आणि चौक आला की ‘येल्प’, अशी चालकांची सर्वसाधारण रीत असते. ती बरोबरच आहे. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, आणि बदल झाला की लक्ष पुन्हा वेधलं जातं.

असे आवाज टिपून तुलना करण्याची कुणाला इच्छा झाली, तर मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाबद्दल एक सावधगिरी हवी. मोठा आवाज आला की फोन आपोआप संवेदनशीलता कमी करतो, लहान आवाज आला की वाढवतो. त्यामुळे स्वरांची उंची आणि अंतर त्यावर नीट मोजता येतात, पण कुठला सायरन मोठा हे त्यावरून ठरवता येत नाही.

कान दिशा कशी ओळखतो?

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्याला दोन कान आहेत आणि मधे डोकं आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो, पण मेंदू तो पकडतो. ही पहिली खूण. डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानाला आवाज थोडा बारीक येतो, ही दुसरी.

या दोन्ही खुणांना मर्यादा आहेत. वेळेतला फरक नीट कळतो तो खालच्या स्वरांत. दीड हजार हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरीची लांबी साधारण २३ सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ डोक्याएवढी. त्याहून उंच स्वरात कुठली लहर आधीची आणि कुठली नंतरची, हे मेंदूला जुळवता येत नाही. आडोशाची खूण उलट उंच स्वरांत काम करते. खालच्या स्वरांच्या लांब लहरी डोक्याला वळसा घालून जातात, त्यांना आडोसा होतच नाही. मधे एक पट्टा उरतो, जिथे पहिली खूण संपलेली असते आणि दुसरी नीट सुरू झालेली नसते.

स्टीव्हन्स आणि न्यूमन या संशोधकांनी १९३६मध्ये हे प्रसिद्ध केलं. भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी टाळण्यासाठी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातल्या एका इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्ची ठेवली, ऐकणाऱ्याला तीवर बसवलं आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या दिशांनी स्वर वाजवले. सर्वांत जास्त चुका ३,००० हर्ट्झच्या आसपास झाल्या. ‘वेल’ आणि ‘येल्प’ यांचा मूळ स्वर बहुतेक वेळा काही शे हर्ट्झपासून दीड हजाराच्या घरात फिरतो, आणि त्याचे ठसठशीत उपस्वर थेट या अडचणीच्या पट्ट्यात पडतात.

त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि सिग्नलवरच्या कोड्याला ती जास्त लागू पडते. समोर आणि मागे यांची अदलाबदल. आवाज नाकासमोर असो की पाठीमागे, दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. वरच्या दोन्ही खुणा निरुपयोगी ठरतात. तिथे उपयोगी पडते ती कानाची पाळी. तिच्या घड्या मागून येणारा आवाज वेगळ्या तऱ्हेने गाळतात आणि समोरून येणारा वेगळ्या. पण गाळायला आवाजात खूप वेगवेगळ्या उंचीचे घटक असावे लागतात, विशेषतः चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे. चाव्यांच्या किणकिणाटात ते खच्चून असतात. एकाच स्वराच्या शिट्टीत ते नसतात, म्हणून मेंदूला तुलना करायला काही मिळत नाही.

ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठातल्या डेबोरा विदिंग्टन यांनी १९९०च्या दशकात नेमकं हेच धरून नवा सायरन सुचवला. नेहमीच्या स्वरांच्या मधे मधे खरखरीचे छोटे तुकडे घालायचे. खरखर म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्या उंचीचे घटक एकदम. स्वर सांगतो की ही आपत्कालीन गाडी आहे, खरखर सांगते की ती कुठे आहे. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा ‘टीं-टीं’ जाऊन काही ठिकाणी आता ‘खर्र-खर्र’ ऐकू येतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे. क्यू-टू-बीचे उपस्वर आणि जपानी बंबाची घंटा यांचं महत्त्वही इथेच उलगडतं. घंटेचा ठोका अचानक सुरू होतो आणि त्यात नाना उंचीचे घटक असतात. नुसत्या आवाजाच्या शर्यतीत ती सायरनपुढे टिकली नाही, पण दिशा सांगण्याचं काम ती चांगलं करत होती.

काचेआडचा माणूस

हे सगळं उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचं झालं. बंद काचांच्या गाडीत अडचण दुणावते. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. तीन मीटरवर १२३ डेसिबल असलेला सायरन शंभरेक मीटरवर उघड्या रस्त्यावर ९३च्या आसपास राहतो. काचा आणि पत्रा त्यातले वीस किंवा त्याहूनही जास्त डेसिबल खातात. उरलेल्या आवाजाला इंजिन, एसी आणि गाणी यांच्याशी झगडावं लागतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी शंभर मीटर सहा सेकंदांत कापते, म्हणजे ऐकणं, समजणं आणि बाजूला होणं यासाठी चालकाकडे एवढाच वेळ आहे.

काच उंच स्वर जास्त अडवते आणि खालचे स्वर कमी. शेजारच्या मंडपातल्या डीजेमधलं गाणं खिडकी लावल्यावर पुसट होतं, पण दणका घरात येतच राहतो, तो यामुळे. याचा उपयोग करून फेडरल सिग्नलने २००७च्या सुमारास ‘रम्बलर’ काढला. तो मुख्य सायरनच्या जोडीला १८० ते ४०० हर्ट्झचा खालचा आवाज काढतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गाड्यांवर तो आहे. शेजारच्या गाडीतल्या माणसाला तो कानाइतकाच अंगात जाणवतो. मात्र बंद गाडीत दिशेचा प्रश्न तोही सोडवत नाही. आवाज काच, दार, टप अशा सगळीकडून आत झिरपतो आणि कानाला मिळणाऱ्या खुणा आधीच पुसल्या जातात. काच खाली करणं हाच तिथे सर्वांत खात्रीचा उपाय.

बासरी, तुतारी की हलगी?

ऑक्टोबर २०२१मध्ये नाशिकच्या एका कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ॲम्ब्युलन्स आणि पोलिसांच्या गाड्यांचे कर्कश सायरन बदलण्याची कल्पना मांडली. हॉर्नमधून भारतीय वाद्यांचे आवाज यावेत, आणि ॲम्ब्युलन्ससाठी आकाशवाणीची पहाटेची धून वापरता येईल का, हा विचार त्यांनी बोलून दाखवला. कर्कशपणाबद्दलची त्यांची तक्रार खरी आहे. दिवसाचे कित्येक तास त्याच गाडीत बसणाऱ्या चालकाच्या आणि आत झोपलेल्या रुग्णाच्या कानांवरही तो सायरन आदळत असतो.

वाद्य निवडायचंच असेल, तर गोडव्याबरोबर वर पाहिलेल्या कसोट्याही लावायला हव्यात. बासरीचा स्वर गोड लागतो कारण त्यात उपस्वर फार कमी असतात. दिशा ओळखायला ती सर्वांत अवघड पडेल. सारंगी-व्हायोलिनमध्ये उपस्वर पुष्कळ आहेत, पण संथ धून पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि चौकात सहाच सेकंद हाताशी असतात. तुतारीत उपस्वर आहेत, धार आहे आणि एकाच फुंकेत ती ओळखूही येते. हलगी आणि ताशाचा कडकडाट दिशेच्या बाबतीत सगळ्यांत सरस, कारण प्रत्येक ठोका झटक्याने सुरू होतो आणि त्यात बारीक-मोठे सगळे घटक असतात. त्यांची अडचण निराळीच आहे. ताशा ऐकला की पुण्या-मुंबईचा माणूस मिरवणूक शोधू लागतो.

म्हणून मला तुतारीचे दोन स्वर आणि त्यांच्या मधे हलगीच्या दोन-तीन थापा, अशी जोडणी करून बघावीशी वाटते. स्वरांनी गाडी ओळखू येईल, थापांनी बाजू कळेल. पडताळणी अवघड नाही. मोकळ्या मैदानात एक मोटार उभी करायची, काचा बंद, एसी आणि गाणी चालू, आत बसलेल्याचे डोळे बांधलेले. बाहेर वेगवेगळ्या बाजूंनी एकेक सायरन वाजवायचा आणि आवाज ज्या दिशेने आला तिकडे बोट दाखवायला सांगायचं. मग तीच माणसं, तेच आवाज, आणि काच चार बोटं खाली.